बिनरंगी पाटी

सदर इसम: वय पन्नाशीच्या पुढे, बांधा किरकोळ, वर्ण भुशाखालून दिसेल तेवढा सावळा. व्यवसाय, लाकडी पाट्या कोरणे. कार्यक्षेत्र, राहत्या घराची पुढची खोली. ओळखीची खूण, डाव्या तर्जनीवर पटाशीचा जुना व्रण. वर्तणूक समाधानकारक. व्यसन नाही. कोणाशी वैर असल्याचे शेजाऱ्यांच्या ऐकिवात नाही. सदर इसमास स्वतःच्या बायकोचा हेवा वाटत असे.

लोक त्याला मिस्त्री म्हणत आणि तिला वहिनी. पूर्वी अक्षरांत रंग भरायला एक म्हातारा पेंटर होता. तो मुलीकडे राहायला गेला, तेव्हा दुसरा मिळेपर्यंत चार दिवस बघते, म्हणून वहिनी ब्रश घेऊन बसली. दुसरा कोणी शोधलाच नाही. तेव्हापासून मिस्त्री फळी रंधून, आखून, कोरून देई. वहिनी रंग लाकडात फुटू नये म्हणून सीलर मारी, अक्षरांत रंग भरी आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने फळीचं अंग साफ करी. व्यवस्था उत्तम होती. बिघडली ती गिऱ्हाइकांमुळे.

गिऱ्हाईक पाटी न्यायला येई, दोन पावलं मागे सरे आणि म्हणे, "वहिनी, काय रंग भरलाय हो!" मिस्त्री तिथेच पटाशी पुसत उभा असे. पुसून झालेली पटाशी तो पुन्हा पुसायला घेई. एकदा एका गृहस्थांनी अक्षरावरून हळुवार बोट फिरवलं. मिस्त्रीचा जीव सुपाएवढा झाला. बोट त्या खोल चरातून, त्या वळणावरून जात होतं. शेवटी गृहस्थ म्हणाले, "वाळलाय ना पूर्ण?"

आपण दळायचं आणि हिने आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, असं मिस्त्रीचं मत बनलं. ते त्याने कोणाला सांगितलं नाही. फक्त अक्षरांना शेपट्या वाढल्या, कोपरे अवघड झाले. वहिनीने ते सगळे बिनबोभाट भरले आणि तिचं आणखीच कौतुक झालं.

अशात दातांची एक डॉक्टरीण नव्या दवाखान्यासाठी पाटी सांगायला आली. वहिनी बाजारात गेली होती. मिस्त्रीने संधी साधली. रंग म्हणजे झाकपाक, असं त्याने बाईंना समजावलं. खऱ्या कामाला रंगाची गरज नसते, लाकूड आपणहून बोलतं. बाईंना साधेपणाची आवड होती. बिनरंगी पाटी ठरली.

वहिनीने परत आल्यावर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लागणार कुठे ही?"

"दारावर," मिस्त्री म्हणाला. "पाट्या दारावरच लागतात."

ती भाजी निवडायला गेली.

मिस्त्रीने ती पाटी खिडकीपाशी बसून कोरली. चराचे दोन्ही उतार तळाशी केसाएवढ्या रेषेत मिळतील, असं एकेक अक्षर. खिडकीतून तिरपा उजेड येई, एक उतार उजळे, दुसऱ्यावर सावली पडे आणि अक्षर फळीतून उठून उभं राही. सीलरही त्याने मारला नाही; ते रंगाचं काम. शेवटी अळशीचं तेल अक्षरांत मुरवलं. वहिनीने पाटी पाहिली, "छान उठलीय," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. जळली, मिस्त्रीने ओळखलं. इतक्या वर्षांत त्याला एवढी गाढ झोप लागली नव्हती.

दवाखान्याच्या दारापुढे खोल पडवी होती. तिथे ऊन कधीच पोचत नसे. जो उजेड येई तो चहूकडून सारखा, मवाळ, सरकारी. त्यात उतार उजळेना की सावली पडेना. पाटी लागली आणि अक्षरं नाहीशी झाली. उरली ती एक तेलकट, देखणी फळी.

शेजारी शिंप्याचं दुकान होतं. दुखऱ्या दाढा तिथे शिरू लागल्या. शिंपी दोन दिवस हसला, मग वैतागून मिस्त्रीकडे आला. सुजलेला गाल धरून एक आजोबा तास-दीड तास आपल्या बाकावर बसून होते, नंबर यायची वाट बघत, असं त्याने सांगितलं. "शेवटी मी टेप काढली. म्हटलं गालाचं माप घेऊ, काय शिवायचंय?"

मागोमाग डॉक्टरीणही पाटी उतरवून घेऊन आली. पाटी सुंदर आहे, म्हणाली, फक्त वाचता येत नाही. मिस्त्रीने दिवा लावायचं सुचवलं. घरमालक परवानगी देत नाही, असं सांगून बाईंनी तोंड वहिनीकडे वळवलं आणि रंग कधी होईल ते विचारलं.

त्या गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"मी विचारलं होतं कुठे लागणार ते," वहिनी म्हणाली. "आता त्या तेलाचं काय करायचं ते बोला."

कारण तेल प्यालेल्या लाकडावर रंग धरत नाही. टर्पेंटाइनने वरवरचं निघतं, मुरलेलं नाही. एकच उपाय होता: प्रत्येक अक्षराच्या आतून कागदाएवढी पातळ ढलपी काढायची, काठाला धक्का न लावता. आणि ते मिस्त्रीशिवाय कोणाला जमणारं नव्हतं. म्हणजे आपलं सर्वांत चांगलं काम आपणच तासायचं, तेही दुसऱ्याच्या रंगाला जागा करून द्यायला.

त्याने तासलं. दात-ओठ खात, पण चोख. शेवटच्या अक्षराशी आला आणि हात थांबला. या एकात तेल राहिलं तर? चार-सहा महिन्यांत रंगाचे पोपडे निघतील. लोक वर बघतील आणि म्हणतील, वहिनींचा हात गेला हो. मिस्त्रीने पटाशी खाली ठेवली आणि सांगितलं, झालं.

वहिनी सीलर मारून, ओळीने रंग भरत गेली. शेवटच्या अक्षरात ब्रश टेकवताच रंग पसरेना, थेंबाथेंबाने गोळा होऊ लागला, अळवाच्या पानावर पाणी व्हावं तसा. तिने ब्रश बाजूला ठेवला. नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"इथे तेल राहिलंय," ती म्हणाली. "राहिलंय, की ठेवलंय?"

मिस्त्रीने पटाशीला धार लावायला घेतली. धार आधीच होती.

"अहो, इतकी वर्षं माझा रंग रेघेबाहेर गेला नाही, तो काय माझ्या हातामुळे? माझा हात कापतो. तुम्हाला माहीत नाही?" तिने हात पुढे धरला. तो खरंच कापत होता. "तुमचा काठ आडवा येतो, म्हणून जात नाही."

मिस्त्री त्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे कोणासमोर कधी बोलली नाहीस."

"कोणी विचारलं का?"

त्याने ते अक्षर तासून दिलं. तिने भरलं.

पाटी पुन्हा लावायला दोघं गेली. डॉक्टरीण बाहेर येऊन दोन पावलं मागे सरली आणि रंगाबद्दल बोलू लागली. वहिनीने तिला मध्येच थांबवलं. उतार म्हणजे काय, तळाशी रेष कशी मिळवतात, काठ चोख नसेल तर जगातला कुठलाही रंग कसा कामाचा नाही, हे सगळं तिने शिडीला टेकून नीट सांगितलं. शिंपीसुद्धा कात्री हातात घेऊन ऐकायला आला. मिस्त्री शिडीवर उभा राहून स्वतःचं कौतुक ऐकत होता. त्याचे कान तापले. हा क्षण लांबावा, असं त्याला वाटलं.

"खरंच," डॉक्टरीण भारावून म्हणाली, "वहिनी, तुम्ही किती सुंदर समजावून सांगता हो."

शिंप्याने मान डोलावली. मिस्त्रीने स्क्रू पिळला, हवा होता त्याहून अर्धा फेरा जास्त.

पाटी रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत होती.