काचेच्या आतलं पाणी

दुरुस्तीच्या कंत्राटदाराने आमच्या पलटणीला फसवलं. पलटणीच्या चौकशीने लान्स नाईक देवाजी मडावीला फसवलं. पहिल्या फसवणुकीत एक लेन्स निकामी निघाली, दुसरीत एका मेलेल्या माणसाचं नाव खराब झालं. मी दोन्हींचा साक्षीदार आहे आणि अजून जिवंत आहे. कुणाची गैरसोय होत असेल तर होऊ दे.

मी चंद्रपूरकडच्या सावली गावचा. शाळेत असतानाच आठवडी बाजारात भाजी विकायला बसलो. सडका माल खाली घालून वर चांगला कसा रचतात, हे मला भरतीच्या आधीपासून माहीत आहे. फौजेत हवालदार झालो तरी ती नजर गेली नाही. रागही गेला नाही.

त्या पावसाळ्यात आमचा फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, भामरागडला गेला. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहत होतं. आम्ही अलीकडच्या काठावर एका शाळेत तळ टाकला. काम सरळ होतं. ज्यांच्या घरांत पाणी शिरलं त्यांना बोटीने अलीकडे आणायचं आणि जाताना पलीकडे रेशन न्यायचं.

नदी फुगली की पाण्यापेक्षा झाडांची भीती जास्त. वरच्या जंगलातून मुळासकट उपटलेली झाडं वाहत येतात. गढूळ पाण्यातलं भिजलेलं खोड उघड्या डोळ्यांना जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून काठावरच्या उंच जागी माझी ऑब्झर्व्हेशन पोस्ट होती. ट्रायपॉडवर कॅमेरा, त्याला लांब पल्ल्याची लेन्स, बाजूला लहान स्क्रीन. वरच्या वळणावर झाड दिसलं की मी रेडिओवर सांगायचं आणि बोटीने काठ धरायचा. मधल्या त्या थोड्या मिनिटांवर आमचं सगळं काम चालत होतं.

लेन्स नुकतीच दुरुस्त होऊन आली होती. नळीवर स्टिकर होता: सील बदललं, वॉटरप्रूफ, तपासून पास.

दुसऱ्याच सकाळी स्क्रीनच्या मधोमध पांढरा डाग दिसला. मी काच पुसली. डाग गेला नाही. थंड जागेतून लेन्स दमट हवेत आणली की बाहेरून वाफ धरते. ती पुसता येते, नाहीतर थोड्या वेळाने आपोआप जाते. पुसूनही जात नाही ते पाणी काचेच्या आत असतं, आणि आत पाणी जायला वाट लागते. पेटीतली सिलिका जेलची पुडी पाहिली. निळे दाणे गुलाबी पडले होते. म्हणजे त्यांनीही पोटभर पाणी पिऊन घेतलं होतं.

कॅप्टन साहेबांकडे गेलो.

"सर, सील लीक आहे. दुसरी लेन्स पाहिजे."

"दुसरी नहीं है. और ये तो सर्टिफाइड है."

"सर्टिफाइड है, मगर अंदर पानी है."

"हवालदार, जो है उससे काम चलाओ."

मी आणखी बोललो. आवाज चढला. कॅप्टन साहेबांनी मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि पुन्हा बाहेर निघालो.

मडावी बोट कमांडर होता. भामरागडच्याच बाजूच्या एका माडिया आदिवासी गावाचा. पलीकडच्या म्हाताऱ्या बायांशी तो माडियात बोले, म्हणून त्या बोटीत बसत. नाहीतर आमची वर्दी पाहून घराच्या माळ्यावर चढत. त्या संध्याकाळी मी चिडून बसलो होतो आणि हा लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, चुलीवर तवा टाकून तांदूळ भाजत होता.

"काय बे, खीर करून राह्यला का?"

"नाई साहेब. तुमच्या लेन्सले जेवण."

"तिले भूक नाई लागली. तहान लागली होती, ते पिऊन घेतलं तिनं."

"म्हणूनच तर. भाजला तांदूळ पाणी ओढते. आमच्या घरी मिठाच्या मडक्यात टाकतेत."

त्याने तांदूळ थंड होऊ दिले, स्वच्छ रुमालात बांधले आणि लेन्सच्या पेटीत ठेवून झाकण घट्ट लावलं. लंगरचा कूक बिहारचा. म्हणाला, "मडावी, दाल भी रख दे, अकेला चावल कौन खाता है?" सगळे हसले. सकाळी डाग निम्मा झाला होता. मडावीने माझ्याकडे पाहिलं आणि मिशीला उगाच पीळ दिला. पण दुपारपर्यंत डाग परत आला. वाट उघडी असल्यावर तांदूळ तरी काय करणार? मग तो रोज तांदूळ भाजू लागला आणि मी रोज निम्म्या काचेतून नदी पाहू लागलो.

ज्या दिवशी तो गेला, त्या दिवशी दुपारी ऊन पडलं. कडक. लेन्सची नळी तापली. बोट पलीकडून माणसं घेऊन निघाली होती. दोन म्हातारे, तीन बाया, त्यांची लेकरं आणि एक बकरी. बकरीवरून मडावीने मला रेडिओवर विचारलं, "सिव्हिलियनमध्ये मोजू का इले?" मी म्हणालो, "मोज. तुझ्यापेक्षा शिस्तीत बसली असन."

बोट मधल्या धारेत आली आणि पावसाची सर आली. तापलेल्या नळीवर थंड पाऊस. आतलं सगळं पाणी वाफ होऊन पुढच्या काचेला आतून चिकटलं. स्क्रीन पांढरा झाला. डाग नव्हे, सगळाच. मी रेडिओवर बोटीला हाक दिली; मडावीच्या बोटीचं नाव ब्राव्हो.

"ब्राव्हो, ब्राव्हो. लेन्स गेली. मले काहीच दिसून नाई राह्यलं. डोळ्यांनी पाहा. ओव्हर."

"रॉजर. पाहून राह्यलो."

हे त्याचे माझ्याशी शेवटचे शब्द.

मी पोस्ट सोडून पाण्यापर्यंत धावलो. सरीच्या पडद्यातून झाड दिसलं तेव्हा ते बोटीच्या अंगावर आलं होतं. मोठं अर्जुनाचं झाड, फांद्या पुढे. बोट आडवी झाली असती तर सगळेच गेले असते. मडावी पुढे उभा राहिला आणि वल्हं खोडाला लावून बोट रेटून काढली. बोट सुटली. फांदी त्याच्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकली आणि त्याला घेऊन गेली. मोटरवाल्याने बोट काठाला लावली. दोन म्हातारे, तीन बाया, लेकरं, बकरी, सगळे उतरले. मडावी दुसऱ्या दिवशी खाली वाळूवर सापडला.

चौकशी झाली. मेजर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फाइल बंद करायची होती. लेन्सबद्दलची माझी तक्रार तोंडी होती, कागदावर नव्हती. त्यांचा हिशोब असा: लेन्स सर्टिफाइड आहे, म्हणजे आत पाणी जाऊ शकत नाही. पाणी जात नाही, म्हणजे हवालदाराला झाड दिसलं. रेडिओवर बोलणं झाल्याचं मोटरवालाही सांगतो, म्हणजे वॉर्निंग दिली गेली. तरी बोट थांबली नाही, म्हणजे बोट कमांडरने वॉर्निंग मानली नाही.

"मी झाड आलं असं नाही म्हणालो, सर. मला दिसत नाही असं म्हणालो."

"बात तो हुई ना?"

मग पेटी पुढे आली. तिच्यात तांदळाचे दाणे होते. मेजर साहेबांनी एक दाणा बोटांत धरून विचारलं, हे काय? मी खरं सांगितलं. त्याचाही अर्थ लावला गेला. इक्विपमेंटच्या पेटीत खाण्याचा माल, म्हणजे जवानांची लापरवाही. ज्या माणसाने लेन्स वाचवायला तांदूळ भाजले, त्याचेच तांदूळ त्याच्यावर उलटवले.

शेवटी साहेबांनी मला एकट्याला बसवलं.

"तुम्हारी पेन्शन नज़दीक है. बस इतना कह दो कि वॉर्निंग दी थी. तुम भी साफ, कॉन्ट्रॅक्टर भी साफ. मडावी अब कुछ बोलने वाला नहीं."

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. कांद्यापासून बदलीपर्यंत. समोरचा किती उतरेल हे मला त्याच्या डोळ्यांत दिसतं. तो सौदा माझ्यासाठी फायद्याचा होता, हेही मला दिसलं.

"वो नहीं बोलेगा, इसीलिए मैं बोल रहा हूँ, सर."

मी सही केली नाही. चौकशी माझ्या सहीशिवाय पूर्ण झाली. पलटणीच्या स्मारकावर मडावीचं नाव कोरलं गेलं नाही. कारण: स्वतःची चूक.

रिटायर झाल्यावर मी चंद्रपुरात दुकान टाकलं. वाघ पाहायला येणाऱ्यांना दुर्बिणी आणि लेन्स भाड्याने देतो, दुरुस्तही करतो. दमट लेन्स उघडणं हे आता माझं रोजचं काम आहे. फौजेच्या निकामी सामानाच्या एका लिलावात जुन्या कॅमेऱ्यांचा ढीग निघाला. त्यात ती पेटी होती. नंबर मला पाठ होता. झाकण उघडलं तर फोमच्या खाचेत तांदळाचा एक दाणा, तांबूस भाजलेला. मी अख्खा ढीग मागितला त्या भावात घेतला. मला ओळखणारे लोक त्या दिवशी माझ्याकडे पाहतच राहिले.

दुकानात लेन्स उघडली. पुढच्या काचेखाली जी रबरी रिंग बसायला हवी, तिची खाच रिकामी होती. जुनी रिंग काढली होती, नवी घातलीच नव्हती. खाचेभर गोंद फिरवला होता, तोही अर्धाच. वरून स्टिकर: सील बदललं. सडका माल खाली, चांगला वर.

मी पलटणीला कळवलं. उत्तर नाही. पुन्हा कळवलं. उत्तर नाही.

मग मडावीच्या गावी गेलो. माडियांमध्ये मेलेल्या माणसाचा दगड उभा करतात. त्याच्या गावाने त्याचा दगड केव्हाच उभा केला होता, छातीइतका उंच. त्याची बायको जानकी मला तिथे घेऊन गेली. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"भाऊ, आमाले तर माहीत होतं," ती म्हणाली. "ज्यायले माहीत नाई, त्यायले सांगा."

म्हणून सांगतो आहे. लेन्स माझ्या काउंटरवर उघडी ठेवली आहे, रिकामी खाच वर करून, शेजारी तो दाणा. दुकान रोज उघडं असतं. ज्याने स्टिकर चिकटवला त्याने यावं. ज्याने न उघडता पास केली त्याने यावं. ज्या साहेबांनी मेलेल्या माणसावर चूक ढकलली त्यांनीही यावं. ही खाच बघावी आणि माझ्या तोंडावर सांगावं की लान्स नाईक देवाजी मडावीने ऐकलं नाही.

त्याच्या गावाने दगड उभा केला. पलटणीच्या दगडावर त्याच्या नावाची जागा अजून कोरी आहे. ती का कोरी आहे, याचं उत्तर मला पाहिजे. यात मी घासाघीस करणार नाही.