आण्णा, भात आणि अडून बसलेला कावळा

आमच्या वडिलांच्या, आण्णांच्या वर्षश्राद्धाला कावळा शिवेना आणि त्याला जबाबदार मी, यावर आमच्या कुडपण गावात एकमत आहे.

मे महिना. विहिरीचा तळ दिसत होता आणि टँकर घाटात बंद पडलेला. मी पोलादपूरला मास्तर. आण्णा होते तेव्हाच महाडच्या एका व्याख्यानात ऐकलं होतं, की आपण पितो त्याहून कितीतरी जास्त पाणी ताटातून खातो! झालं. तेव्हापासून घरात कुणी घास उचलला, की तो घास किती पाणी पिऊन आलाय ते मी सांगायचो. (आण्णा शेवटी शेवटी ताट उचलून अंगणात जाऊन जेवत.)

"श्राद्धाला भात नको," मी जाहीर केलं. "घरचा संपलाय. दुकानचा तांदूळ मोटारीच्या पाण्यावर पिकतो. आपली नाचणी पावसावर होते, वाल तर नुसत्या दवावर!"

"बापाच्या पानावर भात नाय?" आई रडवेली झाली. "लोक तोंडात शेण घालतील रे!"

मी ठाम! अंगणात पान ठेवलं : नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं. समोरच्या आंब्यावर कावळेच कावळे, पण एकही हलेना. मुंबईहून आलेली पाहुणेमंडळी भुकेने कासावीस.

"भाताशिवाय कावळा येतो काय? क्या यार!" चुलतभाऊ सुरेश करवादला.

शेजारच्या काशीकाकूने स्वतःच्या पिण्याच्या हंड्यातलं पाणी दिलं. बायकोने दुकानातून तांदूळ मागवून भात शिजवला आणि पानावर वाढला. तरी कावळे ढिम्म!

मग विनवण्या सुरू झाल्या. "आण्णा, आईला सांभाळीन." नाही. "तुमच्या आंब्याच्या कलमांना पाणी घालीन." (कुठून, देव जाणे!) नाही. गेल्या वर्षी याच अंगणात त्यांना शेवटचं निजवलं होतं. माणूस रागावून गेला असेल तर आता समजूत कुठे जाऊन काढायची?

आई पदराने डोळे पुसत पुढे आली. "त्यांना सांग, जेवताना पाण्याचं भाषण करणार नाय."

"आई, अगं लोकांसमोर..."

"सांग!"

मी हात जोडले. "आण्णा, आजपासून जेवताना तोंड बंद."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला! सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कावळ्याने भाताकडे पाहिलं, बाजूला झाला, नाचणीची भाकरी उचलली आणि उडाला.

म्हणजे आण्णांना भाकरी चालत होती. फक्त मी चालत नव्हतो!