डाव्या खांद्यावरचा हात

चहाच्या टपरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बाकावर बसल्या बसल्या संयोगिताचे डोळे मिटत चालले आहेत. दुपारचा एक वाजलाय, पण पावसानं उजेड पार विरळ करून टाकलाय. अंगावरचं जॅकेट आतून उबदार आहे नि बाहेरून निथळतंय. पन्हळीच्या टोकाला थेंब लोंबतो, फुगतो, तुटतो. दोन थेंबांमध्ये साधारण सव्वा सेकंद. माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून मोजल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आज तर मोजत राहिलं म्हणजे दुसरं काही आठवावं लागत नाही.

पलीकडं क्लबची मंडळी मिसळीवर तुटून पडलीयत. सकाळी कोल्हापुरातून निघाल्या त्या बारा गाड्या बाहेर पावसात एका रांगेत उभ्या आहेत. गेल्या वर्षी याच वाटेवर, असाच पाऊस लागलेला असताना, क्लबचे भूपालआण्णा मगदूम गेले. आजची राइड त्यांच्या आठवणीची. म्हणून त्यांच्या पत्नी राजमतीकाकूही आल्यात, म्होरक्या रणधीरच्या मागं बसून, गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिक गुंडाळून. आल्या आल्या त्यांनी संयोगिताच्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवला आणि विचारलं, "हितंच ना गं?" तिनं मान हलवली. वर्षभर त्या भेटल्या की हेच विचारतात आणि ती अशीच मान हलवते.

क्लबचा नियम साधा आहे. फाटा आला की म्होरक्याच्या मागची गाडी तिथं थांबते आणि बाकीच्यांना कुठं वळायचं ते दाखवते. सगळ्यात शेवटची गाडी आण्णांची असायची. ते जाता जाता उभ्या असलेल्याच्या डाव्या खांद्यावर हात टाकत, आणि तो हात पडल्याशिवाय जागा सोडायची नाही. फौंड्रीत प्रेसखाली आण्णांची अनामिका अर्धी गेली होती, म्हणून ते त्याला साडेचार बोटांचा आशीर्वाद म्हणायचे. फाट्यावर कुणी उभं दिसलं नाही तर मात्र सरळ जायचं.

त्या दिवशी बंधाऱ्याच्या फाट्यावर संयोगिता उभी होती. आण्णांचा हात मिळाला, असं तिनं पुढं जाऊन सांगितलं. त्यामुळं सगळ्यांनी त्यांना डावीकडच्या घाटरस्त्यावर अंधार पडेपर्यंत शोधलं. गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली ती सरळ रस्त्यावर, पुरात बुडालेल्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला. मग लोकांनी ठरवून टाकलं की आण्णा डावीकडं वळले होते, पण पूर बघायच्या खुळापायी माघारी फिरले.

मघाशी रणधीरनं तिच्या मांडीवर नारिंगी जॅकेट ठेवलं, आण्णांचं होतं तसलंच. आजपासून शेवटची गाडी तिची. शेवटचा हात तिला मिळाला होता, म्हणून.

थेंब लोंबतो. फुगतो. ती मोजते. सव्वा सेकंद होतो, दोन होतात, पाच होतात. थेंब तुटत नाही.

ती फाट्यावर उभी आहे. पाऊस पडतोय, पण आवाज नाही. रणधीर डावीकडं वळून दिसेनासा झालाय आणि मागच्या गाड्यांचे दिवे एकेक करून धुक्यातून येतायत. आपल्यामागं दहा गाड्या आणि अकरावे आण्णा, एवढा हिशेब तिला पक्का ठाऊक आहे. ती हात लांब करून डावीकडं दाखवते. एक. दोन. हेल्मेटांच्या काचा आतून वाफाळल्यात, कुणाचा चेहरा दिसत नाही. सात. आठ. बोटं गारठून लाकडासारखी झालीयत. दहा.

मग नारिंगी रेनकोट येतो. वेग कमी न करता तिच्या अंगावरून डावीकडं वळतो, आणि इतका वेळ मुक्या असलेल्या त्या रस्त्यावर दोन दुधाचे कॅन एकमेकांवर खणकन आपटतात.

दूधवाला. कॅन आपल्याला दिसले होते की नाही, हे वर्षभर तिला ठरवता आलेलं नाही. आत्ता दिसतात. त्यांच्या कडीला बांधलेली निळी चिंधीही दिसते. आपल्याला तेव्हाही दिसली होती.

तिच्या मांडीखाली गाडी आपणहून सुरू होते. ती ब्रेक दाबते. गाडी पुढं सरकते. ती उतरते, तर पायाखाली फरशी आहे.

प्रयोगशाळा. रस्त्याचा पांढरा पट्टा टेबलांखालून थेट बेसिनपर्यंत गेलाय. टेबलावर बारा बाटल्या मांडल्यात, बाराही गढूळ. लेबलांवर तिच्याच अक्षरात क्लबमधल्यांची नावं आहेत. पहिली रणधीरची, दुसरी तिची. गाळ खाली बसायला हवा, तो बसत नाही, नुसता गरगर फिरतोय. ती तेरावी बाटली शोधू लागते आणि तिच्या लक्षात येतं की बेसिनपाशी कुणीतरी हात धुतंय.

हेल्मेट घातलेला माणूस. नारिंगी जॅकेट. बाह्यांतून पाणी गळतंय.

"काय गं संयू," तो पाठमोराच म्हणतो. "बाकीचे कुठायत?"

आवाज आण्णांचा. ती बोलायला जाते आणि तिच्या हेल्मेटची काच वाफेनं पांढरी होते. म्हणजे आपण श्वास घेतोय. आण्णा वळतात. त्यांची काच स्वच्छ आहे. ते बोलतायत, पण काचेवर वाफेचा एक ठिपकाही उमटत नाही. पलीकडं काळं पाणी आहे, काचेच्या अर्ध्यापर्यंत, आणि ते हळूच हिंदकळतंय.

"बारा जणांना शोधतोय," आण्णा म्हणतात. "फाट्यावर कुणी नव्हतं, म्हणजे सगळी सरळ गेली. पाण्यावरनं गेली म्हटल्यावर मला मागं राहून कसं चालंल? खाली लई गाळ हाय गं. दिवा लावला तरी हातभर दिसत नाही. हातानं चाचपत मोजतोय. अजून एक पण घावला नाही."

वर्षभर. हा माणूस वर्षभर पाण्याखाली आपल्याला शोधतोय.

बेसिन भरून वाहू लागतं. पाणी पांढऱ्या पट्ट्यावरून येतं आणि पायांखाली आता फरशी नसून बंधाऱ्याचा दगड आहे. दोन्हीकडं नदी. पाणी घोट्यापर्यंत, मग पिंढरीपर्यंत. पाणी गार नाही. ते अंगाइतकंच कोमट आहे, त्यामुळं ते कुठवर चढलंय ते कळत नाही, बघावं लागतं. ती बघते. मांडीपर्यंत.

आण्णा तिच्या दिशेनं चालत येतात. पाणी कापल्याचा आवाज नाही.

"तू एक घावलीस," ते म्हणतात. "चल, बाकीची बघू."

त्यांचा उजवा हात वर होतो. चार बोटं आणि एक अर्धं. हा हात खांद्यावर पडला की जागा सोडायची, आणि इथून सोडून जायला पुढं फक्त पाणी आहे. तिला पळायचंय. पाय जागचे हलत नाहीत. त्या दिवशी इतक्या पटकन हलले होते ते पाय.

हात खांद्यापासून वीतभर लांब आहे.

"आण्णा, खाली कुणी नाही," ती म्हणते.

हात थांबतो.

"सगळे पोचले. डावीकडनं गेलो आम्ही. सगळे घरी पोचले."

"डावीकडनं?" काचेमागचं पाणी हिंदकळतं. "मग फाट्यावर कोण होतं?"

तिला मोजायला काहीच नाही. थेंब नाही, दिवा नाही, श्वासही मोजण्याजोगा राहिलेला नाही.

"मी होते. मी थांबले नाही. दूधवाला गेला आणि तुम्हीच गेलात असं मी समजले. समजले नाही, आण्णा. तसं मानून घेतलं. गार लागत होतं."

नदी छातीपर्यंत आलीय. मग आण्णा हसतात की खोकतात ते कळत नाही, पण काचेच्या कडेनं पाण्याची एक धार बाहेर येते.

"म्हंजे मी फुकटच गाळ उपसला की वर्षभर," ते म्हणतात. आणि मग एकदम जवळून, कानात बोलल्यासारखं: "राजमतीला वाटतंय मी पूर बघायला गेलो. तिला टाकून. मला तसलं खूळ कधी होतं का गं?"

ते काच वर करायला हात नेतात. "नको," ती म्हणते, "आण्णा, काच नको." काचेच्या फटीतून पाणी उसळतं, आणि त्याच क्षणी डाव्या खांद्यावर हात पडतो. जड. थंड. त्या साऱ्या कोमट नदीत तेवढा एकच थंड.

पन्हळीचा थेंब तुटतो.

बाक. शेड. पत्र्यावरचा पाऊस सगळा आवाज घेऊन परत आलाय. मंडळी अजून मिसळीवरच आहेत, कुणीतरी तर्री जास्त झाली म्हणून हाशहुश्श करतंय. जेमतेम पाच मिनिटं गेली असतील. संयोगिताचे दात एकमेकांवर आपटतायत.

शेजारी राजमतीकाकू येऊन बसल्यात. झोपेत कण्हत होतीस, असं सांगतात, चहाचा ग्लास पुढं करतात आणि खांद्याला केवढा चिखल लागलाय म्हणून पदराचं टोक घेऊन पुसायला वाकतात.

पदर मध्येच थांबतो.

संयोगिता मान वळवून बघते. इथली माती तांबडी. रस्ता, टायर, बूट, सगळं तांबडं झालंय. खांद्यावरचा चिखल काळा आहे, पिठासारखा बारीक, नदीच्या तळाचा असतो तसा. त्यात अंगठा उमटलाय, तीन लांब बोटं उमटलीयत, आणि करंगळीच्या शेजारी एक अर्धंच.

काकू ते पुसत नाहीत. त्या स्वतःची बोटं त्या अर्ध्या बोटाच्या टोकापाशी नेतात आणि न टेकवता तशीच धरून ठेवतात. वर्षभरात पहिल्यांदाच "हितंच ना गं" असं विचारत नाहीत.

"काकू," संयोगिता म्हणते, "त्या दिवशी मला हात मिळाला नव्हता. मी आधीच निघाले होते. आण्णा माघारी फिरलेच नव्हते. फाट्यावर कुणी नव्हतं, म्हणून ते सरळ गेले, आम्हाला शोधत."

बाहेर रणधीर निघायची हाक देतो. एकेक गाडी सुरू होते. नारिंगी जॅकेट मांडीवरून खाली घसरतं. काकूंचा हात अजून हवेतच आहे. संयोगिता जागची हलत नाही.