दिनकरच्या गाडीची दारं

दिनकर भोयर गेल्याचं मला त्याच्या शेजाऱ्यानं फोनवर कळवलं. त्याच्या डायरीत पहिल्याच पानावर माझा नंबर होता म्हणे. मुलीचा नंबर शेवटच्या पानावर सापडला. मी पुण्याहून चंदीगडला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. चंदीगडजवळच्या मुल्लानपूरच्या नव्या इमारतीतली त्याची खोली मी तोवर पाहिलीही नव्हती. निवृत्तीनंतर मी इकडे पुण्याला आलो, तो तिथंच राहिला. गेली बारा वर्षं आमची मैत्री दिवाळीच्या एका फोनवर चालली होती…

आमची ओळख झाली ती पंजाबातल्या दहशतवादाच्या दिवसांत. मी चंदीगडच्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होतो, तो तिथल्या वर्कशॉपमध्ये उपकरणं दुरुस्त करायचा. मूळचा नागपूरचा. बोलणं कमी, पण कान विलक्षण. बंद पंपावर नुसता हात ठेवून आतलं काय सैल झालंय ते सांगायचा. आमच्या क्वार्टर्सजवळच्या बाजारात एका संध्याकाळी गोळीबार झाला आणि पुढच्याच आठवड्यात त्याची बायको सुनंदा नऊ वर्षांच्या वैदेहीला घेऊन नागपूरला गेली. तेव्हा अनेकांनी बायकामुलं गावी पाठवली होती, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. घरातला टेपरेकॉर्डर ती बरोबर घेऊन गेली. पत्र लिहायचा तिला कंटाळा, ती कॅसेट भरून पाठवायची. दिनकरनं मग आपल्या जुन्या फियाटमध्ये कॅसेट प्लेअर बसवला आणि पुढच्या दोन्ही दारांत स्पीकर.

पण सुनंदाचा आवाज ढाला, खालच्या पट्टीतला होता. ती बोलू लागली की दाराचा पत्रा थरथरायचा आणि शब्द त्यात बुडून जायचे. "स्पीकरचा दोष नाही," तो मला म्हणाला, "दार म्हणजे रिकामा डबा आहे. डबा गप्प झाला की ती नीट बोलेल." त्यानं गच्चीवर पाणी गळू नये म्हणून घालतात तो डांबरी फेल्ट आणला. दारांचे आतले पॅड काढून, तुकडे स्टोव्हवर शेकून मऊ करून पत्र्यावर चिकटवले, चमच्याच्या पाठीनं रगडून आतली हवा काढली. मोठी भोकं बुजवली. तळाशी पावसाचं पाणी निघून जायची भोकं तेवढी मोकळी ठेवली. दोन रविवार मी नुसता शेजारी बसून पाहत होतो. काम संपलं तेव्हा दार लावलं तरी कपाट मिटल्यासारखा जड, मऊ आवाज आला. त्याला इतकं खुशीत मी नंतर कधी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात नवी कॅसेट आली. आम्ही दुपारी पंचकुल्याला एका सहकाऱ्याकडे जेवायला निघालो होतो. "परतल्यावर गाडी शांत जागी लावून ऐकू," तो म्हणाला. परतताना नाक्यावर अडवलं. शिपायानं सवयीनं दारावर काठी आपटली. ठण्ण वाजायचं ते थप्प वाजलं. त्यानं पुन्हा आपटली आणि मागे सरून बंदूक रोखली.

"दरवाजे में क्या भरा है?"

आम्हाला हात वर करून उभं केलं. दिनकरनं हळू आवाजात परवानगी मागितली, स्क्रू काढले, पॅड उतरवून आतलं काळं अस्तर दाखवलं. अधिकाऱ्याचा विश्वास बसेना. गाण्याबजावण्यासाठी कोण दारात डांबर भरतो? "बजा के दिखाओ जी," तो म्हणाला. डॅशबोर्डवर एकच कॅसेट होती.

सुनंदाचा आवाज समोर उभं राहून बोलावं तसा स्पष्ट आला. वैदेहीची शाळा, आईचं गुडघ्याचं दुखणं… आणि मग त्याच सुरात, "मी आता परत येणार नाही. गोळीबार हे निमित्त झालं. तो नसता झाला तरी मी निघालेच असते. तुम्ही वाट पाहू नका."

तिथं मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो. अधिकारी हसला. "घरवाली है? आवाज बहुत साफ है."

"हां जी," दिनकर म्हणाला.

मला घरी सोडून त्यानं गाडी समोरच्या झाडाखाली लावली. काचा वर होत्या. आता त्या गाडीतून बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. मी खिडकीतून पाहत राहिलो. तासाहून जास्त वेळ तो तसाच बसला होता. एकदा पुढे वाकला, पुन्हा मागे टेकला. खाली जावं असं फार वाटलं. गेलो नाही. काय बोलणार होतो? त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत आम्ही रोज भेटलो आणि त्या दुपारबद्दल एक शब्द काढला नाही.

मुल्लानपूरच्या खोलीत वैदेही सामान आवरत होती. मी तिला हे सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"काका, त्यांनी कॅसेटची दुसरी बाजू ऐकली होती का?" तिनं विचारलं. "त्या बाजूला मी बोलले होते. आईला न सांगता. बाबा, तुम्ही इकडे या, म्हटलं होतं. पाढेही म्हटले होते."

तो पुढे वाकला होता तो कॅसेट उलटायला, हे मला तेव्हा कळलं. नाही म्हणून खोटं बोलणं सोपं होतं.

"ऐकली होती," मी म्हणालो.

"मग आले का नाहीत?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली, चहा टाकला. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला आणि एकच कप होता. तो तिनं माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः वाटीत चहा घेऊन समोर बसली.