कानसेनने न ऐकलेला आवाज

गॅरेजच्या पाटीवर दुसरंच काहीतरी लिहिलेलं होतं, पण लोक त्याला कानसेनचं गॅरेज म्हणत. मोटारसायकल कितीही जुनी असो, कितीही खोकत येवो, कानसेन आधी पान्याला हात लावत नसे. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनवर टेकवायचा, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ बाकावरच्या गिऱ्हाइकांनीही गप्प बसायचं, असा तिथला दंडक होता. डोळे उघडले की निकाल. बेअरिंग. पिस्टन. काही नाही, घेऊन जा. त्यावर अपील नव्हतं, आणि इंजिन उघडल्यावर नेमका तोच भाग खराब निघायचा. अशा मानाची माणसाला चटक लागते. कानसेनलाही लागली होती, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

कारण अलीकडे त्याला नीट ऐकू येत नव्हतं. जाड आवाज यायचे, बेअरिंगची घरघर, पिस्टनचा ठोका. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले होते. घरातलं गजराचं घड्याळ त्याच्यापुरतं मुकं झालं, फोन हाताशी वाजून वाजून थांबायचा. कान दाखवून ये म्हणून बायको मागे लागली, तर तिलाच पुटपुटायची सवय लागली आहे असं त्याने ठरवून टाकलं. गॅरेजमध्ये तो निभावून नेत होता. गिऱ्हाइकाला बोलतं करायचं, इंजिनवर तळवा ठेवून धडधड बघायची, आणि डोळे मात्र पूर्वीसारखेच मिटायचे. सोंग छान वठत होतं.

त्याची धाकटी बहीण एका लॅबमध्ये कामाला होती. सकाळी घरोघरी जाऊन आजारी माणसांचं रक्त काढायचं, नळीवर नावाची पट्टी चिकटवायची आणि नमुने वेळेत पोचवायचे. नवरा गेल्यावर तिने त्याची मोटारसायकल विकली नाही, स्वतःच चालवायला लागली. त्या गाडीच्या वयाच्या बाकी गाड्या कधीच भंगारात गेल्या होत्या. एक दिवस ती गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, थंड इंजिन सुरू केलं की एका बाजूने बारीक खळखळ येते, आणि जरा वेळाने थांबते.

एवढं ऐकून कुठल्याही मेकॅनिकने टायमिंग चेनचं नाव घेतलं असतं. इंजिनच्या पोटातली ही चेन खालच्या पिस्टनची आणि वरच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवते. पिस्टन वर पोचायच्या आत व्हॉल्व्हने वाटेतून बाजूला व्हायचं, एवढाच त्यांचा करार. खूप चाललेल्या गाडीत चेन झिजते, लांबते, सैल पडते आणि इंजिन थंड असताना आतल्या आत आपटते. तेव्हाच बदलली तर काम सोपं असतं. नाही बदलली तर ती कधीतरी चाकाच्या दातांवरून घसरते, आणि पिस्टन व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो.

कानसेनला हे काय नवीन होतं? पण बहिणीने तोंडाने सांगितलेल्या आवाजावर निदान करायचं, म्हणजे आपला कान कशाला राहिला? बाकावर माणसं बसलेली होती. इंजिन गार झाल्यावर त्याने ते सुरू केलं, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. खळखळ काही त्याला ऐकू आली नाही. मनात पाल चुकचुकली, ती त्याने तिथेच दाबली आणि निकाल दिला. काही नाही, घेऊन जा.

ती पुन्हा आली. आवाज अजून येतो म्हणाली. या खेपेला त्याने स्क्रू-ड्रायव्हरही उचलला नाही. बाकाकडे बघत म्हणाला, “हिला नसलेले आवाज येतात. आमच्या आईवर गेलीय.” त्यांची आई शेवटी शेवटी कोणीतरी हाक मारतंय म्हणून सारखी दाराशी जाऊन उभी राहायची. बाकावरची माणसं हसली. धाकटीही हसली, गाडी घेऊन गेली आणि त्यानंतर तिने आवाजाचं नाव काढलं नाही.

मग एका सकाळी गाडी भर चौकात बंद पडली. टेम्पोत घालून आणली तेव्हा कानसेनने स्वतःच इंजिन उघडायला घेतलं. खाली मॅग्नेटच्या चाकावरची खूण जागेवर आणली, तर वर चेनच्या दातेरी चाकावरची खूण हेडच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्याच्या, कडेशी सरळ यायला हवी. ती दोन दात मागे होती. व्हॉल्व्ह वाकलेले होते. इथपर्यंत ठीक, हे एका क्षणातही होऊ शकतं. पण चेनला आधार देणाऱ्या पट्टीत बोट बसेल एवढी खाच पडली होती, आणि आतल्या भिंतीवर चेनने घासून घासून चकचकीत रेघ पाडली होती. हे एका दिवसाचं काम नव्हतं. रोज सकाळी चेन ओरडत होती. बहिणीने ते ऐकलं होतं, आणि याने तिला चार माणसांत हसण्यावारी नेलं होतं.

धाकटी पायीच आली. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, दुरुस्तीची घाई करू नकोस, मी काम सोडलं. त्याने का म्हणून विचारलं तेव्हा तिने बाजारभाव सांगावा तसं सगळं सांगितलं. आवाज तिला रोज येत होता. शेवटी ती कान तपासून आली. कान ठणठणीत होते. कान ठीक आणि आवाज नाही, म्हणजे बिघाड डोक्यात आहे हे तिचं तिलाच कळलं. आईचंही असंच सुरू झालं होतं ना. उद्या एकाच्या नळीवर दुसऱ्याचं नाव चिकटवलं तर कोणाच्या तरी जिवाशी खेळ व्हायचा, म्हणून लॅबला सांगून टाकलं. माझ्या मुलीला अजून सांगितलेलं नाही, वहिनीलाही तू सांगू नकोस, म्हणाली.

एक वाक्य कानसेनच्या तोंडात तयार होतं. त्याने ते सुरूही केलं. “चेन कधी कधी अचानकच...” आणि ते पुरं व्हायच्या आधीच तिने मान डोलावली. तो म्हणेल त्यावर विश्वास ठेवायला ती तयारच बसली होती. पुढचे शब्द त्याला काढवेनात. आपला मान राखायला आपण हिच्या डोक्यात भूत घातलं, आता तेच भूत घेऊन ही उरलेलं आयुष्य काढणार, हे त्याला लख्ख दिसलं आणि स्वतःची किळस आली.

“आवाज होता,” तो म्हणाला. “मला बारीक आवाज येतच नाहीत. बरेच दिवस झाले. मला माहीत होतं, तरी मी तुला वेड्यात काढलं.”

त्याने इंजिनमधली ती झिजलेली पट्टी तिच्या हातात दिली. तिने खाचेत बोट घालून पाहिलं. आता ही बोलेल, निदान पट्टी तरी फेकून मारेल, म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. मारली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

“रोज यायचा?” तिने विचारलं.

“रोज.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्याचं ग्रीसने माखलेलं मनगट तिने दोन्ही हातांनी धरलं आणि बरं झालं दादा, फार बरं झालं, असंच म्हणत राहिली. कानसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने पदराने तोंड पुसलं. “पुन्हा सांग,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं, हळू आवाजात.

“बाकाकडे तोंड करून सांग. त्या दिवशी तिकडेच बघून बोलला होतास.”

बाकावर दोघं बसले होते. कानसेन त्यांच्याकडे वळला. बहिणीने बरोबर ऐकलं होतं, आपल्यालाच ऐकू येत नाही, हे त्याने आधीपासून शेवटपर्यंत सांगितलं. कोणी हसलं नाही. एकजण आवाजाचीच तक्रार घेऊन आला होता. तो किल्ली काढून उठला आणि आपली गाडी ढकलत बाहेर घेऊन गेला. कानसेनने त्याला थांबवलं नाही.

धाकटीने फोन काढून लॅबला लावला होता. मी कामावर येतेय, असं ती सांगत होती, फक्त काही दिवस गाडी नसेल.