परातीएवढ्या तबकड्या

मामा रेडिओ केंद्रात होते; त्यांच्या मागे राहिलेल्या तिथल्या गाण्याच्या तबकड्या परातीएवढ्या आहेत. सगळ्या वीस-पंचवीस वादकांच्या विलायती बँडच्या. एवढी तबकडी फिरवणारं यंत्र हिंगोलीत एकाकडेच आहे. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या या मिस्त्रीनं ते स्वतःच बनवलंय. म्हणून दर रविवारी मी त्याच्या दुकानात तबकडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला जातो आणि वैतागून परत येतो.

तबकडी लागली की हा पंखा बंद करतो, चपला बाहेर काढायला लावतो आणि कुणाला तोंड उघडू देत नाही. "अहो, तार जोडलीय, माइक नाही. आपलं बोलणं त्यात येतच नाही," हे मी शंभरदा सांगितलंय. तो ऐकून घेतो आणि पंखा बंद करतो.

परवा तबकडी चालू असतानाच कुरुंद्याचा एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला. मिस्त्रीनं त्याला नुसता तळहात दाखवला. तो बिचारा पंधरा मिनिटं मोटारीशेजारी घाम गाळत बसला.

बाजू संपल्यावर मी भडकलोच. "तिकडे त्याची हळद वाळून चाललीय, आणि तुम्ही त्याला बसवून ठेवता?"

"सर, इतकी मानसं जीव लावून वाजवून राहिली, अन् आपण मधीच बोलावं व्हय?" पंखा लावून त्यानं मोटार खोलायला घेतली.

मी शेतकऱ्याकडे पाहिलं. निदान तो तरी माझ्या बाजूनं बोलेल. त्यानं घाम पुसला आणि हळूच विचारलं, "मिस्त्री, मागल्या बाजूनं बी हाय का?"

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला आणि पंखा बंद केला.