गावकीचे संगणक

गोंदिया स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या होत्या, आणि त्यातल्या एकीत नुसते पेन ड्राइव्ह, वायरी आणि पेचकस. मी सांगलीची. शाळांमधले जुने संगणक विकतच्या प्रणालीवरून (संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवरून) मुक्त प्रणालीवर आणून देते. मुक्त म्हणजे कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी अशी. देशात ठिकठिकाणच्या सरकारी शाळा आता या वाटेला लागल्या आहेत, आणि मला या कामाची भारी हौस आहे हे आधीच सांगून टाकते. "एवढ्या लांब कशाला?" असं घरच्यांनी विचारलं. म्हटलं, आपल्या स्टेशनावरून जाणारी गाडी तिथवर पोचते, तर मी का नको?

"मॅडम, बस स्टँड? बैठो," रिक्षावाला म्हणाला. मी मराठीत बोलत राहिले, तो हिंदीत, आणि दोघांचंही काही अडलं नाही. स्टँडसमोर पोहे खाल्ले. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा ओततात आणि वर मूठभर सांभार (कोथिंबीर) टाकतात. पहिल्या घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवली. तेवढ्यात डोक्यावरून एक चिमुकलं विमान घरघरत गेलं.

"बिरसीच्या विमानतळाचं हाय," पोहेवाला वर न बघताच म्हणाला. "पोरं चालवाले शिकून राहिले."

ज्या जिल्ह्यात विमान चालवायला शिकवतात तिथे संगणकाची काय कथा, असं मनाशी म्हणत मी देवरीच्या बसमध्ये चढले. धान कापून झालं होतं. रिकाम्या बांध्यांमधून (बांध घातलेल्या भातखाचरांतून) बगळे चालत होते, खळ्यांवर पोती भरणं चाललं होतं. मग सागाचं जंगल सुरू झालं आणि गारवा एकदम अंगाला झोंबला. देवरीच्या पुढे एका फाट्यावर कापगते मॅडम स्कूटी घेऊन उभ्या होत्या. ज्या शाळेत मी निघाले होते तिथल्या त्या मुख्याध्यापिका.

स्कूटीवरच त्यांनी मला सगळं सांगितलं. शाळा सातवीपर्यंत, पण पालक शाळा सोडल्याचे दाखले मागायला लागले होते. हायवेवर एका इंग्रजी शाळेची पिवळी बस येते आणि त्या शाळेत कम्प्युटर आहेत. "आमच्याकडेही आहेत हो ताई, पण सुरू होता होताच तास संपते. पैसेवाल्यांची पोरं बसमध्ये बसून जातील. वर्ग बंद पडला की राहिलेल्या पोरींना जंगलातून देवरीला कोण धाडते? त्या घरी बसतील." उद्या सभा होती. तिथे गावाची खात्री पटली तर ठीक, नाहीतर परवा त्यांना दाखले लिहायला बसावं लागणार होतं.

गाव मोठ्या तलावाच्या काठाला आहे. हे मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) इथल्या कोहळी लोकांनी कधीकाळी बांधलेले. पाळीवर (तलावाच्या बांधावर) उभी राहिले तर एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शाळेचं लाल कौलांचं छप्पर. मी त्याच दुपारी कामाला लागले, दुसऱ्या दिवशीही तेच, आणि सभेच्या वेळेपर्यंत सगळे संगणक मुक्त प्रणालीवर टुणटुणीत चालू लागले. मॅडमच्या हातचं लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तलावातल्या झिंग्यांची चटणी खाऊन मी अगदी खुशीत सभेला गेले.

सभेत सगळ्यांच्या पुढे डोमाजीकाका बसले होते. शाळा समितीचे अध्यक्ष तेच आणि तलावाचं पाणी वाटून देणारेही तेच. माझं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फुकट हाय म्हंता. फुकट कायले देऊन राहिले?"

"ह्याला मालक नाही काका. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय."

"मालक नाई. मंग बिघडलं तं कोनाच्या दारी जाचं?"

मी मदतीच्या वेबसाइटचं नाव सांगितलं. काकांनी मान वळवून सभेकडे पाहिलं. मागून एक तरुण बाई उठली. ही सुनंदा. लग्नाआधी देवरीला टायपिंगचा कोर्स केलेली, आणि मुलीचा दाखला मागणाऱ्यांत सगळ्यात पुढे. "ताई उद्या चालल्या जातील," ती म्हणाली. "तिकडच्या शाळेत निदान दुरुस्तीवाला तं येते." सभा कुजबुजली. निकाल सकाळवर गेला.

सकाळी शाळेत येते तर काय, बाहेरच्या भिंतीवर चुन्याने ढळढळीत अक्षरांत संगणकांचा पासवर्ड लिहिलेला. तोच, जो मी मॅडमच्या कानात सांगितला होता. मी डोक्याला हात लावला.

"गावाचं काई लपवून ठेवाची रीत नाई इथं," मॅडम संकोचून म्हणाल्या. "पाणी कोणत्या बांधीला कधी सुटणार, हे इथं भिंतीवरच लिहितात. सभा संपल्यावर काकांनी विचारलं, मी सांगितलं."

आत गेले आणि संगणक लावून पाहिले. एकही संगणक सुरू होईना. डोमाजीकाका चार माणसं घेऊन बाकावर बसले होते, सुनंदा कीबोर्डपाशी उभी. तलावात दरवर्षी बेशरम (बेसुमार वाढणारं पाणझुडूप) माजते, आणि शेतावर जाण्याआधी उजाडताच गाव ती उपटून काढतं. तसंच त्यांनी आज संगणकही साफ केले होते. काकांनी एकेका फाइलचं नाव विचारायचं, ते कुणालाच ओळखीचं नसलं की सुनंदाने ती काढून टाकायची. पासवर्ड होताच. अख्खी प्रणालीच त्यांनी उपटून बाहेर फेकली होती.

"काऊन बंद झाले?" काकांनी विचारलं.

मला राग आला होता. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला होता. "कारण तुम्ही मुळंच काढलीत काका. बेशरम नव्हती ती, धान होतं."

सुनंदा रडकुंडीला आली. मॅडम खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मी म्हटलं, थांबा, संध्याकाळपर्यंत मी सगळं परत बसवते. पिशवीतून पेन ड्राइव्ह काढले. काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुमी नका बसवू. तुमी सांगा. डफडं वाजवा रे."

पाळ फुटली की या गावात डफडं वाजतं आणि घरटी एक माणूस मातीची टोपली घेऊन धावतो. कोण चुकलं हे नंतर बघायचं, आधी माती टाकायची. डफडं वाजलं तशी माणसं खरंच टोपल्या घेऊन शाळेत आली आणि तलाव शाबूत बघून बुचकळ्यात पडली. काकांनी टोपल्या दाराशी ठेवायला लावल्या. मग मी सांगत गेले आणि एकेका घरचा माणूस एकेक पायरी करत गेला: हा ड्राइव्ह लावा, ही कळ दाबून धरा, मराठी निवडा, आता थांबा. धान कापून खडबडीत झालेली बोटं कळांवर जपून पडत होती. सुनंदाने पहिला संगणक पूर्ण केला आणि पुढच्या प्रत्येकापाशी तीच उभी राहून सांगू लागली. "घाई नको करू भाऊ, ते काम करून राहिलं." दुपार टळेपर्यंत सगळ्या पडद्यांवर उजेड होता. एवढ्या वर्षांत मी कितीतरी शाळांचे संगणक बदलून दिले, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"आता पासवर्ड पुसा," मी काकांना म्हटलं.

"पुसतो," ते म्हणाले. "पन दोन घरी ठेवू. एक मॅडमकडं, एक सुनंदाकडं." एवढ्यावर आम्ही तडजोड केली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला फाट्यावर सोडलं. सुनंदा मुलीला घेऊन तिथेच उभी होती. हायवेवरून पिवळी बस आली, थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. सुनंदा जागची हलली नाही. मॅडमनी पर्समधून तिच्या मुलीचा दाखला काढला. सकाळीच लिहून आणला होता बिचारीने, सभेआधी सुनंदाला शब्द दिला होता म्हणून.

"असू द्या मॅडम," सुनंदा म्हणाली. "पाळीच्या मातीले ज्याच्या घरचा माणूस आला, त्याचा पान्यात हिस्सा राहते. काल माह्या घरून मी आलती. आता हिस्सा सोडून जाऊ कायले?"

मॅडमनी तो कागद तिथेच फाडला आणि तोंड फिरवून स्कूटीचा आरसा पुसत बसल्या. माझी बस आली. देवरीपर्यंत मी खिडकीशी बसून एकच ठरवत होते. याला मालक नाही, असं मी आजवर शाळाशाळांतून सांगत आले. पुढच्या शाळेत तसं सांगणार नाही. आधी विचारीन, तुमच्या घरून कोण येतंय?